गेलं चौदावर!

तुम्ही विचारलंय की फासे टाकून खेळायची ती फँटसी गेमबुक्स लहानपणी कोणी वाचलीयेत का आणि त्यातली हसवणारी कुठली आठवतात का. अहो आठवतात म्हणजे काय, आमच्या घरात अजूनही दूध उतू गेलं, लोकल चुकली, नेट गेलं की "गेलं चौदावर" म्हणतात आणि घरात नवीन आलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागतं. बायकोला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगावं लागलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

८८ ची गोष्ट असेल, मी सहावीत, दादा आठवीत, गिरगावात चाळीत राहायचो. बाबांचं ऑफिस फोर्टात, पगार झाला की फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून पोरांचं इंग्रजी सुधारावं म्हणून काहीतरी जुनं पुस्तक घेऊन यायचे. एकदा आलं 'द कॅसल ऑफ डार्कनेस'. कॅसल म्हणजे किल्ला, किल्ला म्हणजे इतिहास, एवढाच बाबांचा हिशोब. उघडून बघतो तर सगळे तुकडे, प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि तुकडा संपला की डावीकडे जायचं तर या नंबरवर जा, दार फोडायचं तर त्या नंबरवर जा. आम्हाला आधी वाटलं बाइंडिंगवाल्याने पानं उलटसुलट लावलीत, दादा तर पुस्तक परत करायला निघाला होता.

मग पुढची नियमांची पानं वाचली आणि ट्यूब पेटली. हे पुस्तक वाचायचं नाही, खेळायचं. दोन फासे, पेन्सिल, खोडरबर. फासे 'व्यापार'च्या डब्यातले घेतले, त्यामुळे त्या मे महिन्यात चाळीत कोणालाच व्यापार खेळता आला नाही आणि दुपारी गॅलरीत फाशांचा आवाज ऐकून शेजारचे काका दोनदा "जुगार खेळताय का रे?" म्हणून बघून गेले.

आता थोडी माहिती, कारण हे मलाही खूप नंतर कळलं. इंग्लंडात १९८२ साली स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचं 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' पफिनने काढलं आणि तिथली पोरं वेडी झाली, मग जो तो गेमबुक लिहायला लागला. पण ती बहुतेक सगळी गंभीर, अंधार, राक्षस, रक्त, आणि मेलात की विषय संपला. त्या गर्दीत १९८४ मध्ये जे. एच. ब्रेनन नावाच्या आयरिश लेखकाने 'ग्रेलक्वेस्ट' ही मालिका सुरू केली, ८७ पर्यंत आठ पुस्तकं झाली, आमच्याकडे आलेलं ते त्यातलं पहिलं. ब्रेनन आधी जादूटोणा, गूढविद्या असल्या विषयांवर लिहायचा, म्हणजे मंत्रतंत्राची खरी माहिती असलेला माणूस, आणि त्याने त्याच सगळ्याची यथेच्छ टिंगल केली. मला वाटतं म्हणूनच ती जमली.

गोष्ट अशी की इंग्रजी दंतकथांतल्या राजा आर्थरच्या काळातला मर्लिन, पण कसला महान जादूगार, विसरभोळा, चिडका, पाहुणा आला तर वैतागणारा म्हातारा, दर पुस्तकात भलत्याच ठिकाणी मुक्काम ठोकलेला. हातातलं पुस्तक हाच त्याचा मंत्र, आणि त्या मंत्राने तो तुम्हाला थेट तिकडे खेचून घेतो आणि पिप नावाच्या पोराच्या अंगात घालतो. मग कामाला जुंपणार. पहिल्या पुस्तकात राणीला सोडवून आणायचं, दुसऱ्यात पितळी ड्रॅगनचा बंदोबस्त करायचा. हत्यार म्हणून तलवार मिळते, एक्सकॅलिबर ज्युनिअर (मूळची एक्सकॅलिबर ही आर्थरची तलवार), उर्फ ई.जे. ही तलवार बोलते. नुसती बोलत नाही, बडबडते, सल्ले देते, आणि कोळ्यांना घाबरते. राक्षस चालेल, कोळी नको! आमची ताई पण झुरळाला तशीच घाबरायची, तिचं नाव लगेच ई.जे. पडलं, तिने आमच्याशी दोन दिवस अबोला धरला.

लढाईचा हिशोब सोपा होता. दोन फासे टाकायचे, बेरीज सहा किंवा वर आली तर वार लागला, सहाच्या वर जेवढे तेवढी इजा. हातात ई.जे. असली तर चारलाच वार लागायचा आणि वर पाच जादा. इंग्रजी सुधारलं का माहीत नाही पण तोंडी बेरीज-वजाबाकी नक्की सुधारली.

आणि आता ते चौदा. या मालिकेत कुठेही, कसेही मेलात की १४ नंबरवर जायचं. राक्षसाने मारलं, चौदा. नको ती बाटली प्यायलात, चौदा. आगाऊपणा करून खड्ड्यात पडलात, चौदा. आणि तिथे लेखक तुमची वाट बघत असल्यासारखा, की आलात का परत, चला, फासे टाका, पहिल्यापासून. इतर पुस्तकांत मेलं की खट्टू व्हायला व्हायचं, इथे पान उलटतानाच हसू यायचं. आमची शाळा मराठी माध्यमाची, अर्धे विनोद डिक्शनरीत बघायला लागायचे, त्यामुळे दादा आधी हसायचा आणि मी दोन मिनिटांनी. पण चौदा समजायला डिक्शनरी लागली नाही, कारण आई आधीपासूनच रोज विचारायची, "चौदावं रत्न दाखवू का?" दादा म्हणाला बघ, त्या आयरिश माणसाला पण ते माहितीये. मला ते कित्येक वर्षं खरंच वाटत होतं.

सगळ्यात लाडका शत्रू मात्र 'पोएटिक फीन्ड', म्हणजे कवी व्हँपायर. तो रक्त पितो ते ठीक, पण कविता ऐकवतो, आणि कविता भयानक. साहित्य संमेलनाच्या मांडवात ज्याला एकदा तरी कवीने कोपऱ्यात गाठलंय त्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आम्ही तर त्याच्या नावाने स्वतःच चारोळ्या करायचो, त्या इथे देत नाही, चांगल्या नव्हत्या.

सगळं गोड होतं असंही नाही. काही ठिकाणी शुद्ध नशीब, तुमची अक्कल शून्य कामाची, तोच विनोद परत परत येतो, आणि शेवटची दोन मी मोठेपणी वाचली तेव्हा तितकं हसू आलं नाही. पुस्तकं पातळ झाली होती की मी जाड झालो होतो कोण जाणे.

ही मालिका फ्रान्समध्ये गालिमारने 'केत द्यु ग्राल' म्हणून काढली आणि तिकडे भरपूर चालली, आमच्या पिढीच्या फ्रेंच लोकांना तिचं नाव काढलं तरी पुरे. माझ्या टीममध्ये एक लिऑनचा माणूस होता, एकदा कॉलवर प्रोजेक्ट साफ झोपलेला, सगळे गप्प, मी सहज म्हणालो की एका जुन्या पुस्तकात अशा वेळी फोर्टीनवर जा लिहिलेलं असायचं. तो दोन सेकंद थांबला, "कातोर्झ!" (फ्रेंचमध्ये चौदा) म्हणून ओरडला आणि हसत सुटला. बाकीच्यांना वाटलं आम्ही दोघं वेडे आहोत.

तर तुम्हाला वाचायची असतील तर पहिल्यापासून सुरू करा, फासे खरे घ्या, मोबाइलवरचे नकोत, आणि पानात बोट अडकवून मागे पळायची सोय ठेवा, आम्ही दोघांची मिळून सहा-सात बोटं अडकवायचो. जुनी प्रत मिळाली तर आधीच्याची पेन्सिल खोडू नका. आमच्या प्रतीत कोणा इंग्रज पोराने स्वतःचे लाइफ पॉइंट्स लिहिलेत. हे पॉइंट्स म्हणजे खेळणाऱ्याचा जीव, सुरुवातीला फासे टाकून ठरायचा: दोन फाशांची बेरीज गुणिले चार, म्हणजे जास्तीत जास्त ४८, आणि त्याने पाच वेळा खोडून पाचही वेळा ४८ च लिहिलेत, कागद तिथे पापडासारखा झालाय. त्याखाली दादाचे ४८. त्याखाली माझे ४४, कारण मला वाटलं ४८ लिहिले तर कोणाला पटणार नाही.