‘डोक्यात गणितच नाही’ म्हणण्याआधी घरातली वाकळ काढा

“मॅडम, बाकी सगळ्यात हुशार आहे, पण हिच्या डोक्यात गणितच नाही.” निपाणीच्या आया हेच सांगतात, खानापूरकडचे वडील हेच सांगतात, वडगावात माग चालवलेले आजोबाही हेच सांगतात. पाठोपाठ कारणंही ठरलेली असतात. मराठी शाळेत घातलं म्हणून, कन्नडचं ओझं पडलं म्हणून, नाहीतर इंग्रजीत घातलं आणि घरी सांगणारं कुणी नाही म्हणून. आपल्या सीमाभागात मुलांच्या बहुतेक अडचणींचं खापर भाषेवर फुटतं. भाषेची ओढाताण खरीच आहे, ती मी रोज बघते. पण अपूर्णांकापाशी अडलेली मुलं मला तिन्ही माध्यमांतली भेटतात आणि चुकतातही एकाच तऱ्हेनं.

खानापूर तालुक्यातली एक सहावीतली मुलगी अशीच आली होती. गणिताच्या चाचणीदिवशी सकाळपासून तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हटलं, तेव्हा आई तिला माझ्याकडे घेऊन आली. वहीत लिहिलेलं होतं: १/२ + १/३ = २/५. त्यावर लाल फुली.

“हे कसं आलं, सांगशील?”

“वरचे वर मिळवलो, खालचे खाली मिळवलो. बरोबरच केलो की.”

आई लगेच म्हणाली, “बघा! ट्यूशन लावून ही तऱ्हा.”

मी वही मिटली. घरी काय काय करतेस, म्हणून विचारलं. आज्जी वाकळ शिवते आणि तुकडे ही कापून देते, असं कळलं.

“किती इंचाचा कापतेस?”

“सहाचा चौकोन.”

“सहाच का?”

“शिवल्यावर पाचाचा व्हायला पायजे. चारी बाजूनं अर्धा-अर्धा इंच आत जातो नव्हं.”

आईला यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र तिथंच वाट दिसली. जी मुलगी दोन्हीकडचे अर्धे मिळवून एक करते आणि तो हिशोब कातर लावायच्या आधी करते, तिच्या डोक्यात गणित नाही असं कसं म्हणायचं? गणित होतं. वहीतल्या आकड्यांशी त्याची ओळख कुणी करून दिली नव्हती, एवढंच.

पुढच्या भेटीला आज्जी चिंध्यांची पिशवी, टेप आणि कातर घेऊन आल्या. मी बारा इंच लांबीची निळी पट्टी टेबलावर ठेवली आणि त्याच लांबीच्या आणखी दोन कापायला सांगितल्या. एकीतून अर्धा भाग काढला, तो भरला सहा इंच. दुसरीतून तिसरा भाग काढला, तो चार इंच. दोन्ही तुकडे तिनं निळ्या पट्टीवर टोकाला टोक लावून ठेवले.

“किती झाले?”

“दहा. बारातले दहा.”

“आता वहीतलं उत्तर बघ. पाचातले दोन. तेवढं कापड या पट्टीवर कुठवर येईल? मापू नको, नुसतं बोट ठेव.”

तिनं बोट पाचच्या जरा मागं ठेवलं. चांगला अंदाज होता. नेमकं माप ४.८ इंच. बोट तसंच ठेवून ती सहा इंचाच्या तुकड्याकडे बघत राहिली. आईनं तोंड उघडलं, मी हातानं थांबवलं. बराच वेळ गेला.

“टीचर, हे तर अर्ध्याहून कमी आहे! अर्ध्यात आणि घातल्यावर कमी कसं होईल?”

तिची चूक तिनं स्वतः पकडली होती. लाल फुलीनं चूक झाली हे कळतं, का झाली ते कळत नाही. माझ्या कामात मी अशाच क्षणाची वाट बघत असते, आणि तो यायचा तर मोठ्यांनी गप्प बसावं लागतं, हा माझा पक्का अनुभव आहे. बारातले दहा म्हणजे सहातले पाच, हे दोन-दोन इंचांच्या घड्या घालून तिनंच मग दाखवलं.

एवढ्यावर ती थांबली नाही. “पण आज्जी शिवली की नऊच उरतात. एक इंच शिलाईत जातो.” आज्जी म्हणाल्या, “दिसायला नऊ गं, पण कापड धाचंच लागलं नव्हं?” वहीतली बेरीज दहाच का मानते, हे इतकं सोपं करून मला सांगता आलं नसतं.

हातानं केलेलं आधी, त्याचं चित्र मग आणि चिन्हं शेवटी, हा जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाचा क्रम मी मानते. त्याच्याही आधी, १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला होता. आपल्याकडे तर सामान घरातच पडलेलं असतं. वाकळ म्हणा, कौदी म्हणा, खानापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायांची कवंदी म्हणा. कवंदीच्या कोपऱ्यांना त्या तिकोनी फुलं लावतात. चौकोनी तुकडा कर्णावर दुमडला की तसा तिकोन मिळतो आणि चौकोनाचा बरोबर अर्धा असतो. बाजू दुप्पट केली तर कापड चौपट लागतं, हेही मुलं तुकडे मांडूनच पटवून घेतात.

घरी करून बघणार असाल तर मापायच्या आधी अंदाज विचारा. बरोबर-चूक तुम्ही सांगू नका, टेपला सांगू दे. टेपची एकच बाजू धरा. इंच आणि सेंटिमीटर एकाच दिवशी नकोत. पट्ट्या मांडून झाल्या की त्याच दिवशी तेच वहीत उतरवा, नाहीतर कापडातलं कापडात राहतं. आणि कृपा करून याची दुसरी ट्यूशन करू नका. आज्जीच्या शेजारी बसून तुकडे कापताना मार्कांचा विषय काढला की मूल उठून जातं.

काही मुलांना लहान-मोठी संख्या, घड्याळ, सुटे पैसे हे सगळंच सतत अडतं. त्यांना केवळ वाकळीवर सोडू नका, तज्ज्ञांकडून तपासून घ्या. विशिष्ट अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्थान आहे, त्यामुळं लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

एप्रिल-मेची सुट्टी याला उत्तम. पट्टी बारा इंचाचीच घ्या, दहाची नको. दहाचा तिसरा भाग टेपवर नेमका सापडत नाही. पाचवा भाग आला की मात्र बारा पुरत नाहीत. तेव्हा शिंप्याचा साठ इंची टेप अख्खा पसरा: चौथा भाग पंधरा, पाचवा बारा, मिळून साठातले सत्तावीस. आता या सत्तावीस आणि साठ, दोन्हीचे तीन-तीनचे गट पाडायला लावा.