टोमॅटोची फुलं गळतायत, काय फवारू?

बऱ्याच जणांचा प्रश्न साधारण एकच आहे, दोन दिवस कडक ऊन, मग अचानक पाऊस, रात्री परत गारठा, टोमॅटोची फुलं गळतायत, दुपारी पानं मान टाकतायत, कुठलं औषध मारू?

औषध राहू द्या, आधी मातीत बोट घाला. दोन इंच खाली ओल लागली तर पाणी द्यायचं नाही, दुपारी पानं कितीही मलूल दिसू देत, संध्याकाळी ती आपोआप ताठ होतात. सकाळीच झाड मलूल आणि माती चिखलासारखी असेल तर मात्र मुळं गुदमरलीत, तिथे अजून पाणी ओतलंत की संपलंच.

फुलांचं म्हणाल तर रात्री 13 अंशाच्या खाली किंवा दिवसा 35 च्या वर गेलं की परागीकरण नीट होत नाही, फूल देठापासून पिवळं पडून गळतं. हवा स्थिर झाली की नवीन फुलं धरतात. तोवर युरिया टाकू नका, नुसता पाला माजेल.

फळाच्या बुडाला काळा, खोलगट, चामड्यासारखा डाग दिसला की लोक लगेच अंड्याची टरफलं टाकतात. अहो, बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतंच, पण एक दिवस बदाबदा पाणी आणि चार दिवस कोरडं असं केलं की ते फळापर्यंत पोचत नाही. बुंध्यापासून चार बोटं सोडून 5 ते 7 सेंटीमीटर वाळलेला पाला पसरा, ओल एकसारखी राहते आणि पावसाचे शिंतोडे मातीसकट पानांवर उडत नाहीत.

काकडीच्या पानांवर पांढरी पावडर म्हणजे भुरी, हा बुरशीचा रोग. सुरुवातीलाच ती पानं काढा. गंधक मारायचंच असेल तर पाकिटावरच्या प्रमाणात आणि गार वेळी, 32 अंशाच्या वर पानं करपतात. निंबोळी तेल फवारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

घरात वाढवलेली रोपं एकदम उन्हात ठेवू नका, 7 ते 10 दिवस थोडं थोडं ऊन वाढवत न्या.

आणि कोथिंबीर फुलावर आली असेल तर ती परत पानावर येत नाही, बी धरू द्या नाहीतर उपटून जागा मोकळी करा.

पुढच्या वेळी फोटो पाठवताना पानाची खालची बाजूपण दाखवा, मावा आणि कोळी या रस शोषणाऱ्या बारीक किडी तिथेच बसलेल्या असतात.