टेक्सासच्या तेल संघटनेचा अध्यक्ष नेमके काय करतो?

प्रश्न : माझी मुलगी ह्यूस्टनला अभियंता आहे. तिच्याकडे गेलो असताना तेथील तेल व नैसर्गिक वायू उद्योगाच्या राज्य संघटनेचे अध्यक्ष टीव्हीवर बोलताना पाहिले. ते पूर्वी राज्याचे कृषी आयुक्त होते म्हणे. शेतीखाते सांभाळलेल्या राजकारण्याला तेल उद्योग आपला प्रमुख का करतो? विधिमंडळात कंपन्यांची कामे करून घेण्यापलीकडे या पदाला काही अर्थ आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण पाहिलेले गृहस्थ टॉड स्टेपल्स असावेत. टेक्सास विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत काम केल्यावर ते कृषी आयुक्त म्हणून निवडून आले (तेथे हे पद मतदानाने भरले जाते) आणि २०१४ मध्ये टेक्सास ऑइल अँड गॅस असोसिएशनचे अध्यक्ष झाले. विहीर कशी खोदावी हे जाणणारी माणसे सभासद कंपन्यांकडे मुबलक असतात. त्यांना बाहेरून आणावी लागते ती राज्यकारभाराची जाण. टेक्सास विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, विषम वर्षी, जास्तीत जास्त १४० दिवस चालते. त्या मुदतीत एखादे विधेयक मार्गी लागले नाही, तर सहसा पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबावे लागते. शिवाय तेलाच्या उत्पादनावर ४.६ टक्के आणि वायूवर ७.५ टक्के कर राज्याला मिळतो व त्यातला मोठा वाटा राखीव निधीत आणि महामार्गांसाठी जातो. म्हणजे आमदारांनाही या उद्योगाचे ऐकून घेणे भागच असते. कंपन्यांची बाजू मांडणे हा या पदाचा उघड भाग आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु माझ्या मते खरी कसोटी विधिमंडळात लागत नाही, ती आपल्याच लोकांपुढे लागते. तेल काढणाऱ्याला भाव चढा हवा असतो, शुद्धीकरण कारखान्याला तेच तेल स्वस्त हवे असते, आणि दोघेही एकाच संघटनेचे सभासद असतात. २०२० च्या एप्रिलमध्ये हे उघड्यावर आले. टेक्सासमध्ये तेलविहिरींचे नियमन रेलरोड कमिशन करते. नाव रेल्वेचे राहिले आहे, पण रेल्वेचे काम त्याच्याकडे आता नाही. १९३० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षे हे कमिशन तेलाच्या उत्पादनाचा कोटा ठरवून देत असे. महासाथीत मागणी कोसळली तेव्हा पायोनियर आणि पार्सली या दोन कंपन्यांनी तो कोटा पुन्हा लागू करावा, अशी मागणी केली. १४ एप्रिलला ऑनलाइन सुनावणी झाली आणि ती सुमारे दहा तास चालली. उद्योगात सरळ दोन तट पडले होते, आणि स्टेपल्स यांच्या संघटनेने सक्तीच्या कपातीला विरोध केला. सहाच दिवसांनी अमेरिकी तेलाच्या वायद्याचा भाव उणे ३७.६३ डॉलरवर गेला, तरीही ५ मे रोजी कमिशनने दोन विरुद्ध एक मतांनी ती मागणी फेटाळली. बुडण्याच्या भीतीने हवालदिल झालेल्या उत्पादकांसमोर बाजारावर विश्वास ठेवा असे सांगणे सोपे नसते. त्या भूमिकेशी आपण सहमत असा वा नसा, ती घेणाऱ्याला राजकारणाची सवय असावी लागते, हे मान्य करावे लागेल.

मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळाचा प्रसंग. राज्याच्या अधिकृत मोजणीप्रमाणे २४६ माणसे दगावली. थंडीने विहिरी गोठल्या हे खरे, पण वायू पुरवणाऱ्या कित्येक केंद्रांची वीजही त्याच वेळी तोडली गेली, कारण ‘आमचा पुरवठा तोडू नका’ असे कळवणारा साधा अर्ज त्यांनी वीज कंपनीकडे भरलेलाच नव्हता. वीज गेली म्हणून वायू थांबला आणि वायू थांबला म्हणून वीजनिर्मिती आणखी घटली. इतका लहान कागद, आणि त्याअभावी थंडीने काकडणारी घरे! अशा केंद्रांची वीज तोडली जाऊ नये यासाठीचा कायदा त्यानंतर, त्याच वर्षी झाला. असा अर्ज थंडीपूर्वी प्रत्येक सभासदाच्या टेबलावर पोहोचवणे आणि तो भरून घेईपर्यंत पाठपुरावा करणे, हे काम मी संघटनाप्रमुखाच्या कोणत्याही भाषणापेक्षा मोठे मानतो, आणि या पदावर येणाऱ्या प्रत्येकाकडून त्याचीच अपेक्षा करतो.

प्रश्न : मुंबई हायचे तेल आणि वायू आमच्या उरणला येतात. मग महाराष्ट्रात तेल उद्योगाच्या राज्य संघटनेला असे वजन का नाही?
— एक वाचक, उरण

उत्तर : कारण निर्णय मुंबईत होत नाहीत. आपल्या राज्यघटनेने तेलक्षेत्रांचे नियमन केंद्राच्या सूचीत ठेवले आहे, आणि समुद्रातल्या तेलाची रॉयल्टीही केंद्राकडेच जाते. जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी आसाम आणि गुजरातला मिळते, तशी मुंबई हायची महाराष्ट्राला मिळत नाही. टेक्सासमध्ये भूगर्भातल्या तेलाची मालकी बहुधा खासगी असते आणि नियम राज्य करते, म्हणून तेथील संघटनेचे कार्यालय राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनमध्ये आहे. आपल्याकडच्या तेल कंपन्यांचा महासंघ दिल्लीत आहे, तो याच कारणाने.