वाचकांचे प्रश्न : मूल मागे पडले आहे, पण कशामुळे?

प्रश्न : विशेष शिक्षणातील बी.एड. पूर्ण करून मी नुकतीच कंत्राटी विशेष शिक्षिका म्हणून रुजू झाले आहे. माझ्याकडे दिंडोरी तालुक्यातील काही शाळा आहेत. एकाच वर्गात गावातील बागायतदारांची मुले, घरी कोकणा बोली बोलणारी मुले, द्राक्षबागांच्या कामासाठी सुरगाणा-पेठ भागातून आलेल्या मजुरांची मुले आणि घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी कामगारांची मुले बसतात. तिसरीतील एक मुलगा अजिबात वाचत नाही आणि काही विचारले की खाली पाहतो. तो मतिमंद असून त्याचे प्रमाणपत्र लवकर काढावे, असे वर्गशिक्षकांचे म्हणणे आहे. मला तसे वाटत नाही. पण ठामपणे सांगताही येत नाही. काय करावे?
— एक विशेष शिक्षिका, दिंडोरी तालुका

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि ती अर्ज भरण्याआधी आली, हे त्या मुलाच्या दृष्टीने बरे झाले. तिसरीतले मूल वाचत नाही यामागे कमी ऐकू येणे, नीट न दिसणे, घरची बोली शाळेच्या मराठीहून वेगळी असणे, वर्षातील काही महिने शाळेत नसणे, अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण) किंवा बौद्धिक अक्षमता यांपैकी काहीही असू शकते आणि एकाच मुलात यांतील दोन-तीन गोष्टी एकत्रही असू शकतात. म्हणून एकेक शक्यता तपासून बाजूला काढत जाणे हेच आपले पहिले काम समजावे.

सुरुवात कान आणि डोळ्यांपासून करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा या मुलाची तपासणी आपल्यासमोर करून घ्यावी आणि गरज भासल्यास त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवावे. कान वाहणे ही आपल्याकडे फार सामान्य समजली जाणारी आणि म्हणूनच दुर्लक्षित राहणारी तक्रार आहे. मधल्या कानात पाणी साचून राहिले तर ऐकू येणे कमी-जास्त होत राहते. मूल सोमवारी उत्तर देते, गुरुवारी देत नाही आणि शिक्षक त्याला आळशी ठरवून मोकळे होतात.

त्यानंतर हजेरीपट काढावा. केवळ या वर्षाचा नव्हे, तर पहिलीपासूनचा आणि महिनावार. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून उन्हाळ्याच्या तोंडाशी संपणाऱ्या काढणीपर्यंत मजुरांना काम असते. या काळात घर आणि शाळा दोन्ही बदलत राहिलेल्या मुलाला बाराखडी सलग शिकायला मिळालेलीच नसते. स्थलांतरित मुलाचे शिक्षण नव्या शाळेत चालू राहावे म्हणून दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी कार्डाची सोय यासाठीच आहे. पण कार्ड मुलासोबत पोहोचले की नाही, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि माझ्या मते इथेच सर्वाधिक घाई होते. त्याची बोली जाणणारी व्यक्ती, बहुधा अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस, सोबत घेऊन त्याला त्याच्या बोलीत एखादा घडलेला प्रसंग सांगायला लावावा. तो घटनांचा क्रम लावतो का, कारण सांगतो का, ऐकणाऱ्याला कळले नाही तर पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगतो का, हे पाहावे. तो दुकानातून बरोबर सुटे पैसे आणतो का, शेरडे मोजून परत आणतो का, भावंडांच्या तुलनेत चालायला आणि बोलायला केव्हा लागला, हे आईला विचारावे. बौद्धिक अक्षमतेचे निदान केवळ बुद्ध्यांकाच्या आकड्यावर होत नाही. रोजच्या व्यवहारात मूल कसे निभावते, हेही त्यात पाहावे लागते. बकऱ्यांचा कळप एकट्याने सांभाळणारा मुलगा मराठीतील सूचनांची चाचणी नापास झाला, तर शंका आधी चाचणीवर घ्यावी. पुढे त्याला मानसशास्त्रज्ञांकडे पाठवायची वेळ आलीच, तर घरची भाषा कोणती आणि शाळेत तो प्रत्यक्ष किती दिवस होता, हे शिफारसपत्रात लिहून द्यावे.

हे सर्व चालू असताना शिकवणे थांबवू नये. पाच-सहा आठवडे रोज थोडा वेळ, त्याच्या बोलीतील शब्दांपासून आरंभ करून, मोजकी अक्षरे आणि मात्रा शिकवाव्यात आणि नोंद ठेवावी. घ आणि ध, भ आणि म यांत गोंधळ होणे किंवा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होणे यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्या वयात पुष्कळ मुले त्या करतात. निर्णायक तुलना वर्गातील बागायतदाराच्या मुलाशी करायची नसून त्याच पाड्यावरच्या, तीच बोली बोलणाऱ्या आणि तेवढीच गैरहजेरी असलेल्या मुलांशी करायची असते. ती मुले या शिकवण्याने पुढे सरकली आणि हा तिथेच राहिला, तर मात्र अक्षमतेची शक्यता गांभीर्याने घ्यावी लागेल.

याच्या उलट चूकही मी तितक्याच वेळा होताना पाहिली आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ‘पाड्यावरची मुले अशीच बुजरी असतात’ किंवा ‘परप्रांतीय आहे, येईल हळूहळू मराठी’ असे म्हणत कर्णबधिर मूल तिसरी-चौथीपर्यंत तसेच पुढे ढकलले जाते. भाषेचे कारण खरे असले, तरी ते तपासणी टाळण्याचे निमित्त होऊ नये.

प्रमाणपत्राविषयी थोडे. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या ८ वर्षांपासून पुढे मिळते आणि लक्षणीय, म्हणजे सवलतींसाठी धरल्या जाणाऱ्या, दिव्यांगत्वाची किमान मर्यादा ४० टक्के आहे. मात्र दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापन उपाय योजण्याची जबाबदारी शाळेवर टाकलेली आहे. म्हणजे वर्गात मदत सुरू करण्यासाठी कागदाची वाट पाहावी लागत नाही. वर्गशिक्षकांना ‘तुमचे चुकले’ असे सांगण्याऐवजी हाच आधार दाखवून सहा आठवड्यांची मुदत मागावी. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या माणसाला प्रमाणपत्र हवे असते ते बहुतेकदा मदत हवी असते म्हणून, दुष्टपणाने नव्हे.

प्रश्न : मालेगावातील एका उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवीतील मुलगी वर्गात उत्तम बोलते, पण तिचे लेखन फारच अशुद्ध आणि संथ आहे. मला उर्दू लिपी वाचता येत नाही. पालक भेटायला येत नाहीत आणि तपासणीचे नाव काढले की नकार देतात. माध्यम बदलण्याचा सल्ला द्यावा का?
— विशेष शिक्षक, मालेगाव

उत्तर : माध्यम बदलण्याचा सल्ला देऊ नये. आठवीत नवी लिपी आणि नवी भाषा यांचा भार टाकल्यास मूळ अडचण तशीच राहील आणि जी गोष्ट तिला चांगली जमते, ते बोलणेही हातचे जाईल. उर्दूत लघुस्वर सहसा लिहिले जात नाहीत, अक्षराचे रूप शब्दातील जागेनुसार बदलते आणि अनेक अक्षरे केवळ नुक्त्यांच्या (टिंबांच्या) संख्येने किंवा जागेने वेगळी होतात. त्यामुळे मराठीतील चुकांची यादी घेऊन तिच्या वह्या तपासता येणार नाहीत. शाळेतील भाषाशिक्षकांना शेजारी बसवून, तिच्या चुका त्या वर्गातील इतर मुलींच्या चुकांशी ताडून पाहाव्यात.

पालक न येण्यामागे अनास्था असेलच असे नाही. यंत्रमागावरील पाळी चुकली तर मजुरी बुडते. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात, तेव्हा नमाजची वेळ टाळून त्या दिवशी घरी जाऊन भेटावे. दुभाषा म्हणून शेजाऱ्याला किंवा धाकट्या भावाला घेऊ नये. मुलीच्या नावावर कायमचा शिक्का बसेल आणि पुढे लग्नाच्या वेळी तो आडवा येईल, ही भीती पालक उघड बोलत नाहीत. पण नकाराच्या मुळाशी बहुधा तीच असते. ही माहिती गोपनीय राहील, हे आपण सांगावे आणि शाळेलाही तसे वागायला लावावे.

दहावी दोन वर्षांवर आहे, हेही त्यांच्यासमोर मांडावे. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या लेखी परीक्षांसाठी केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत दर तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ आणि आवश्यकतेनुसार लेखनिक देण्याची तरतूद आहे. दहावीच्या सवलतींसाठी शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जावा लागतो. नववीत तयारी सुरू केली नाही, तर कागदपत्रांच्या फेऱ्यांत वेळ निघून जातो. उर्दू लिहिणारा लेखनिक ऐन वेळी मिळत नाही, त्याचा शोध शाळेने आधीच घ्यावा.

प्रश्न : माझ्या मुलीला विशेष शिक्षिका व्हायचे आहे. या क्षेत्रात स्थैर्य आहे का?
— एक पालक, नाशिक रोड

उत्तर : गरज आहे, स्थैर्य अजून पुरेसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात प्राथमिक स्तरावर १० विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर १५ मागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक जण वर्षानुवर्षे कंत्राटावर काम करतात. शिवाय जिल्हा परिषदेच्या शाळा, महापालिकेच्या शाळा, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आणि दिव्यांग कल्याण विभागाच्या विशेष शाळा यांचे अधिकारी वेगवेगळे आहेत. एका मुलासाठी दोन-तीन कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात, ही या कामातली न शिकवली जाणारी बाजू आहे.

भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. १९९२ च्या कायद्यानुसार तो गुन्हा ठरतो. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी, निवडलेल्या अभ्यासक्रमाला त्या शैक्षणिक वर्षासाठी परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत पाहावे. केवळ माहितीपुस्तिकेवर विसंबू नये. शक्य असल्यास त्याआधी गट साधन केंद्रात (तालुक्यातील शाळांना मदत करणाऱ्या केंद्रात) परवानगी घेऊन मुलीने तेथील विशेष शिक्षकांसोबत काही दिवस शाळाभेटींना जावे आणि मानधन किती व ते वेळेवर होते का, हा प्रश्नही त्यांनाच विचारावा.