काका, हा अन्याय नाही का?

या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त रेसिंगची आहेत, आणि एकही शांत डोक्यानं लिहिलेलं नाही. एकानं तर लाल शाई वापरलीय. फॉर्म्युला वनचा २०२५चा मोसम डिसेंबरात संपला, पण सिडकोपासून देवळालीपर्यंत लोक अजून पेनल्ट्याच मोजत बसलेत. माझ्याबद्दल आधीच सांगून टाकतो. मी सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो, आणि सुट्टीच्या दिवशी नाशिकच्या आसपास मोटार रॅली असली की टाइम कंट्रोलवर, म्हणजे गाड्यांची वेळ नोंदवायच्या चौकीवर, घड्याळ घेऊन बसायचो. म्हणजे आठवड्याचे सातही दिवस शिव्या खाण्याचंच काम. तेव्हा मोकळेपणानं लिहा.

प्रश्न: मॅक्सचे बार्सिलोनात नऊ गुण गेले आणि अजिंक्यपद गेलं दोन गुणांनी. म्हणजे चॅम्पियन पंचांनीच ठरवला ना? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कॉलेज रोड)

बाळा, हिशेब बरोबर मांडलास, पण अर्धाच.

आधी तुझी बाजू, नाहीतर म्हणशील काकांनी टाळलं. १ जून, बार्सिलोना. शेवटी शेवटी सेफ्टी कार आली (सगळ्या गाड्यांना आपल्यामागे सावकाश चालवणारी गाडी), पुढच्या सगळ्यांनी जास्त पकड देणारे सॉफ्ट टायर चढवले आणि मॅक्स व्हर्स्टापनच्या वाट्याला आले हार्ड. रेस पुन्हा सुरू झाली तशी त्याची गाडी घसरली, मागचा लक्लेर पुढे निघून गेला, पाठोपाठ आणखी एक ड्रायव्हर, रसेल, यानं नाक घातलं आणि मॅक्स ट्रॅकबाहेरून फिरून पुढेच राहिला. टीमनं रेडिओवर सांगितलं, जागा परत दे. याने पाचव्या वळणाआधी वेग कमी केला, रसेल शेजारी आला, आणि मग मॅक्सनं पुन्हा वेग वाढवून त्याला ठोकलं. दहा सेकंद आणि लायसन्सवर तीन पेनल्टी पॉइंट. त्याचे एकूण अकरा झाले. बारा भरले असते तर पुढची रेस घरी बसून पाहावी लागली असती. पाचवा आला होता, दहावा झाला. दहा गुणांच्या जागी एक. वर्षाच्या शेवटी नॉरिस ४२३, मॅक्स ४२१, पियास्त्री ४१०.

आता उरलेला अर्धा हिशेब. झँडफोर्टला नॉरिस दुसरा चालला होता, गाडीनं तेल सोडलं आणि तो वाळूच्या ढिगावर जाऊन बसला. अठरा गुण गेले. लास वेगासची रेस आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊला होती. आम्ही चौघांनी घरी मिसळ मागवून पाहिली. मॅक्स पहिला, नॉरिस दुसरा, पियास्त्री चौथा. दुपारची झोप काढून उठलो तर मॅक्लारेनच्या, म्हणजे नॉरिस आणि पियास्त्रीच्या, दोन्ही गाड्या बाद. एकाचे अठरा, दुसऱ्याचे बारा. आणि ऑगस्टअखेर मॅक्स तेव्हा पहिल्या असलेल्या पियास्त्रीच्या १०४ गुण मागे होता, तो शेवटी चॅम्पियनच्या दोनच गुण मागे राहिला, तेव्हा ‘पंचांनी वर आणलं’ असं कुणी पत्र पाठवलं नव्हतं.

पण तुझ्या रागात एक खरी गोष्ट आहे, ती कारखान्याच्या भाषेत सांगतो. गो–नो गो गेज नावाची वस्तू असते. एका टोकाला ‘गो’, दुसऱ्याला ‘नो गो’. भोकात गो गेलं पाहिजे, नो गो जाता कामा नये. गेलं तर पीस लाल डब्यात. ऑपरेटर ओरडू दे, सुपरवायझर ओरडू दे, गेजला कान नसतात. वेगासचा निकाल असा होता. गाडीच्या पोटाखाली फळी असते, नवी असताना दहा मिलिमीटर जाड. झिजून नऊच्या खाली गेली की बाद. २०२४ला बेल्जियममध्ये रसेल जिंकला आणि वजनकाट्यावर गाडी दीड किलो कमी भरली. ट्रॉफी परत.

बार्सिलोनाचा निकाल मात्र डोळ्यांचा. आमच्याकडे रंगावरचा ओरखडा चालेल की नाही हे कुठलंच गेज सांगायचं नाही. तीन इन्स्पेक्टर, तीन मतं, आणि पहिल्या शिफ्टला पास झालेलं दुसऱ्या शिफ्टला रिजेक्ट. शेवटी भिंतीवर एक पत्रा टांगला: एवढा ओरखडा चालेल, याच्यापुढे नाही. त्याला लिमिट सँपल म्हणायचे. एफआयएनं, म्हणजे रेसिंगच्या जागतिक संघटनेनं, २०२५च्या जूनमध्ये कुठल्या चुकीला साधारण कुठली शिक्षा याची मार्गदर्शक सूत्रं लोकांसमोर ठेवली, तो त्यांचा टांगलेला पत्रा. भांडणं थांबली का? महिना उलटायच्या आत सिल्व्हरस्टोनला पियास्त्रीनं सेफ्टी कारच्या मागे ब्रेक मारला. २१८च्या वेगावरून ५२वर. आकडा पंचांच्या निकालातच होता. तरी हा ब्रेक ‘बेभरवशाचा’ की नुसता ‘जरा जोरात’, ते कुणीतरी माणसानंच ठरवायचं होतं. ठरलं दहा सेकंद, आणि हातात आलेली रेस नॉरिसला गेली. त्या दिवशी मला पियास्त्रीचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण मी तिथं बसलो असतो तर मीही तेच लिहिलं असतं.

प्रश्न: पाच सेकंदांत एकाचं वाटोळं होतं आणि दहा सेकंद घेऊन दुसरा जिंकतो. हे कुठलं न्यायालय? (निवृत्त शिक्षक, पंचवटी)

सर, तुमच्या पत्रातली दोन्ही उदाहरणं मला पाठ आहेत. २०२१, सिल्व्हरस्टोन: हॅमिल्टनचा धक्का लागून मॅक्स भिंतीवर आदळला आणि थेट हॉस्पिटलात गेला. हॅमिल्टनला दहा सेकंद. ते भोगून तो जिंकला. २०२३, मेलबर्न: साइन्झनं अलोन्सोला धक्का दिला, पाच सेकंद. रेस संपली सेफ्टी कारच्या मागे, सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटून, आणि चौथा आलेला साइन्झ बारावा झाला. हातात एकही गुण नाही. रेडिओवर तो विनवत होता.

पंचांचं जाहीर धोरण असं आहे की शिक्षा चुकीला द्यायची, चुकीच्या परिणामाला नाही. कोण हॉस्पिटलात गेला, कुणाचे किती गुण बुडतील, हे बघायचं नाही. कागदावर हे शहाणपणाचं आहे. अडचण अशी की शिक्षेचं चलन सेकंद आहे, आणि सेकंदाचा भाव दर लॅपला बदलतो. मागच्याशी तीस सेकंदांचं अंतर असेल तर पाच सेकंद म्हणजे खिशातली चिल्लर. गाड्या रांगेत उभ्या असतील तर तेच पाच सेकंद म्हणजे घर गहाण. माझं मत विचाराल तर सेफ्टी कारमागे संपणाऱ्या रेसला सेकंदांऐवजी जागा कापाव्यात: दोन किंवा तीन, आधीच ठरवून. पण माझं मत विचारतंय कोण, सध्या तरी फक्त तुम्ही.

प्रश्न: फिक्सिंग असतं का हो? (जेल रोड)

असतं तर २०२३ला बावीसपैकी एकवीस रेस एकाच टीमला जिंकू देऊन आख्ख्या जगाला झोपवलं नसतं.

प्रश्न: माझा अठरा वर्षांचा मुलगा रेसनंतर रिमोट आपटतो, ते सोडा. पण रात्री दोनपर्यंत फोनवर ड्रायव्हरांना नाही नाही ते लिहीत असतो. काय करू? (गृहिणी, गंगापूर रोड)

ताई, रिमोटचं मनावर घेऊ नका, सेल बाहेर काढून ठेवत जा. आरडाओरडा मीही केलाय. २०१३ला नाशिकरोडहून पंजाब मेल पकडून ग्रेटर नोएडाला गेलो होतो, बुद्ध सर्किटवरची ती शेवटची भारतीय ग्रां प्री. फेटेल चौथ्यांदा चॅम्पियन झाला आणि गाडी जागच्या जागी गरागरा फिरवून आमच्या स्टँडसमोर धुराचा ढग उभा केला. नियमाप्रमाणे गाडी सरळ आत न्यायची असते. पंचांनी त्याला समज दिली आणि टीमला २५ हजार युरो दंड. परतीच्या गाडीत आमच्या डब्यात वर्गणी काढून तो दंड भरायची भाषा चालली होती. नियम मोडणारा आपल्यासमोर मोडत असेल तर आपल्याला तो गोडच वाटतो.

फोनचं मात्र वेगळं. २०२५ला कतारला शेवटून दुसऱ्या लॅपला किमी अँटोनेली या ड्रायव्हरची गाडी घसरली आणि नॉरिस त्याच्या पुढे गेला. अजिंक्यपदासाठी नॉरिसशी झुंजणाऱ्या मॅक्सच्या टीममधल्या मोठ्या माणसांनी तावातावात म्हणून टाकलं की पोरानं मुद्दाम वाट दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चूक कबूल केली, पण तोवर त्या पोराला जिवे मारण्याच्या धमक्यांसकट शेकडो मेसेज गेले होते. त्यानं आपला फोटो काढून तिथं काळा चौकोन लावला. वय १९. तुमच्या मुलाहून एका वर्षानं मोठा. २०२१च्या अबुधाबीच्या रेसनंतर लतिफी या ड्रायव्हरचंही हेच झालं; त्याचा गुन्हा एवढाच की त्याची गाडी नको त्या वेळी भिंतीवर आदळली.

मुलाला ओरडू नका. एवढंच विचारा की त्यानं काय लिहिलंय ते जेवताना तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवील का. माझ्या भाच्यावर हा प्रयोग केलाय. पहिल्या ओळीला अडखळला आणि आमटी मागितली.

प्रश्न: तुम्ही रॅलीत घड्याळ घेऊन बसायचात. कधी कुणाला पेनल्टी देऊन पस्तावलात का? (वाचक, म्हसरूळ)

एकदा. हरसूलच्या रस्त्याला, पावसाळा नुकता संपलेला, टेबलाखाली चिखल. टाइम कंट्रोलचा नियम असा: ठरलेल्या मिनिटाला आपलं वेळेचं कार्ड चौकीवर द्यायचं. उशीर झाला तर दर मिनिटाला दहा सेकंद. लवकर आलात तर दर मिनिटाला आख्खं मिनिट. लवकर येण्याची शिक्षा मोठी, कारण लवकर येणारा म्हणजे रस्त्यावर गाडी पळवणारा.

एक जिप्सी आली. नेव्हिगेटर, म्हणजे ड्रायव्हरला रस्ता आणि वेळ सांगणारा, कोवळा पोरगा, बहुधा पहिलीच रॅली. त्यांची वेळ ११:४२. गाडी आधीच्या मिनिटात, कंट्रोलची हद्द दाखवणाऱ्या पिवळ्या पाटीच्या आत आली, तेवढी मुभा असते. पोरगा उतरला, धावत आला आणि कार्ड माझ्या हातात ठेवलं. घड्याळात ११:४१:५७. मला दिसत होतं. त्याला दिसत नव्हतं, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. कार्ड हातात पडलं ती वेळ लिहायची असते. मी ११:४१ लिहिलं.

‘काका, तीन सेकंद हो! हात मागे घेतला असता तर?’

घेता आला असता. शेजारच्या मार्शलनं नंतर चहा पिताना तेच विचारलं. मी म्हटलं, मागच्या गाडीला घेतला नाही म्हणून याला घेतला नाही. बरोबर बोललो, पण चहा गेला नाही. त्या मिनिटापायी ते गटात तिसऱ्यावरून पाचव्यावर गेले. बक्षीस समारंभाला तो ड्रायव्हर माझ्याशी बोलला नाही. पोरगा बोलला, नमस्कारही केला, त्यानं जास्त बोचलं.

पुढच्या वर्षी तीच जिप्सी, माझाच कंट्रोल. पोरगा उतरला, सावकाश चालत आला आणि टेबलाच्या एक हात अलीकडे थांबला. कार्ड छातीशी धरलेलं. मिनिटाला अजून वीस सेकंद होते. त्यानं काही न बोलता मनगट पुढे केलं आणि स्वतःचं घड्याळ माझ्या घड्याळाशेजारी धरलं. दोन्ही बरोबर चालली होती. आम्ही दोघं वाकून काट्याकडे बघत उभे राहिलो.