नेते टीव्हीवर समोरासमोर चर्चेला का येत नाहीत?

कारण न येण्यानं त्यांचं काही बिघडत नाही. उमेदवारानं चर्चेला आलंच पाहिजे, असा कायदा आपल्याकडं नाही. मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी मोदी आणि राहुल गांधी या दोघांना पत्र लिहून बोलावलं. राहुल तयार झाले, तरी चर्चा झाली नाहीच. निवडणुकीत पुढं असलेला माणूस धोका कशाला पत्करेल?

आमच्या साताऱ्यात १८ ऑक्टोबर २०१९ ला शरद पवार भर पावसात बोलले, ती सभा लोक अजून विसरले नाहीत. मीही नाही. पण सभेत उलटा प्रश्न विचारता येत नाही. माण-खटाव तालुक्यांना जिहे-कठापूर उपसा सिंचन योजनेचं पाणी किती आणि कधी मिळणार, यावर सगळे उमेदवार एका टेबलावर बसलेले मला बघायचे आहेत.