ट्रेन सिम्युलेटरसाठी हप्त्यांवर ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

प्रश्न: ट्रेन सिम्युलेटर क्लासिक मोठ्या स्टेशनात शिरताना अडखळतो. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, हार्ड डिस्क आणि जीटीएक्स १०६० कार्ड आहे. महिन्याच्या पगाराएवढ्या किमतीचं नवं कार्ड १२ हप्त्यांत घेऊ का? अडीअडचणीसाठी दोन महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक आहे.

उत्तर: नको. हप्ता झेपेल की नाही हे नंतर बघू, कारण मुळात दुखणं बहुधा कार्डात नाही. या सिम्युलेटरचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे आतल्या एकाच गणना-घटकावर, पडतं. स्टेशनात इतर गाड्या, सिग्नल, इमारती एकदम वाढतात, तो कोअर भरतो आणि कार्ड नुसतं वाट बघत राहतं. टास्क मॅनेजर मात्र प्रोसेसर निवांत असल्याचं दाखवतो. तुमच्या प्रोसेसरला १२ थ्रेड (एकाच वेळी काम करणाऱ्या रांगा) आहेत; त्यातला एक पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात जेमतेम ८ टक्के दिसतात. म्हणून संशय कार्डावर जातो.

खात्री फुकटात करता येते. त्याच स्टेशनात उभं राहून फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) बघा, मग रिझोल्युशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० करून पुन्हा बघा. आकडा जवळपास तोच राहिला, तर नव्या कार्डाने काहीही बदलणार नाही. चांगला वाढला, तरी आधी अँटी-अलायझिंग (चित्रातल्या कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) खाली आणा. त्यातल्या २×२ सुपरसॅम्पलिंगमध्ये कार्डाला चौपट पिक्सेल काढावे लागतात.

मोकळ्या मार्गावर धावताना मधूनमधून बसणारा झटका ही वेगळी तक्रार. पुढच्या भागातलं दृश्य डिस्कवरून यायला उशीर होतो, आणि ८ जीबी रॅम अपुरी पडली की विंडोज त्याच हार्ड डिस्कवर पेजफाइल (रॅमऐवजी वापरायची फाइल) वापरू लागतं. त्यामुळे पहिला खर्च एसएसडी आणि १६ जीबी रॅमचा. साधी साटा एसएसडीही चालेल. हार्ड डिस्कवरून तिच्यावर आल्यावर जो फरक जाणवतो, तेवढा तिच्यावरून जास्त वेगवान एनव्हीएमई एसएसडीवर गेल्यावर जाणवत नाही. रॅम ८-८ च्या जोडीने घ्या, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्यांचा एकत्र वापर) मिळेल, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी ही रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग चालू करा. नाहीतर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते आणि जास्तीचे पैसे वाया जातात. सिम्युलेटर सुरू करताना ६४-बिट आवृत्ती निवडायला विसरू नका. ३२-बिटला ४ जीबीपलीकडची मेमरी वापरताच येत नाही.

हा खर्च कार्डापेक्षा बराच कमी आहे. तो बचतीतून रोखीने करा, अडीअडचणीच्या शिलकीला हात लावू नका. एका पगाराचे १२ हप्ते म्हणजे वर्षभर दरमहा पगाराचे ८ टक्क्यांहून जास्त अडकले, तेही दर वर्षी भाव उतरणाऱ्या वस्तूत. तेवढीच रक्कम बाजूला टाकलीत, तर वर्षाअखेर तुमची शिल्लक दोनवरून किमान तीन महिन्यांवर जाईल. मला ही शिल्लक कार्डापेक्षा फार महत्त्वाची वाटते. ‘बिनव्याजी’ हप्त्यांतही प्रोसेसिंग शुल्क असू शकतं आणि रोखीवरची सूट हातची जाते, तेव्हा दोन्ही आकडे मांडून बघा.

एवढं करूनही स्टेशनात फ्रेम पडत असतील तर प्रोसेसर बदला, पण मदरबोर्ड तोच ठेवा. बी४५० वर बायोस अपडेट केल्यावर रायझन ५००० मालिका चालते. मोठ्या कॅशचा (प्रोसेसरमधल्या जलद मेमरीचा) रायझन ७ ५७००एक्स३डी योग्य भावात मिळाला तर उत्तम. त्यात ९६ एमबी एल३ कॅश आहे. नवा मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅमच्या फंदात पडलात, तर खर्च कितीतरी वाढेल. बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करा. आधी नवा बसवलात, तर मशीन सुरूच न होण्याची शक्यता असते. ५७००एक्स३डीसोबत कूलर येत नाही आणि २६०० चा कूलर त्याच्या १०५ वॉटला पुरणार नाही, म्हणून कूलरची किंमतही आताच धरा. जुना प्रोसेसर आणि जुनी रॅम विकून त्यातला काही भाग भरून निघेल.